मातीच्या बैलात कुणाला काय दिसतं?

मांजराकाठ

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे असतात. मानसशास्त्रात एम.ए. केलं ते नोकरी आणि घर सांभाळून, बाहेरून. पोळा होऊन आठ दिवस झाले, पण त्या दोन दिवसांत घरात जे बघितलं ते डोक्यातून जात नाही. या चर्चागटात भाषेचे, मानसशास्त्राचे अभ्यासक असतात म्हणून विचारते. लिहिणं लांबलंय, पण मधलं काही गाळलं तर प्रश्नच नीट कळायचा नाही.

आमची बैलजोडी मागच्या उन्हाळ्यात विकली. सर्जा आणि राजा. दोन्ही देवणी जातीचे, त्यातही वानेरा, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंड तेवढं काळं. माझे सासरे, आबा, यांचे गुडघे गेले, सालगडी मिळेना, नांगरट तर कधीचीच ट्रॅक्टरवर गेली होती. विकली त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. रिकाम्या गोठ्याचा हा पहिलाच पोळा. म्हणून मी आणि पोरांनी ओढ्याची चिकणमाती आणून बैल केले. दोन वीतभर लांबीचे, बाकी चार-पाच बोटाएवढे. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, शिंगांना कडब्याच्या काड्या.

खांदमळणीच्या संध्याकाळी आबा ओसरीत आले. वाटीत तूप-हळद कालवून घेतली, खाली बसले (गुडघ्यांमुळं ते एरवी खाली बसत नाहीत) आणि दोन्ही मोठ्या बैलांच्या खांद्याला बोटानं लावली. मग दरवर्षी गोठ्यात म्हणायचे तेच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आवाज तोच, हळू, जनावराच्या कानाशी बोलावं तसा. उठताना बोटाला राहिलेली हळद त्यांनी गोठ्याच्या मेढीला पुसली. तिथं मागच्या किती वर्षांचे पिवळे डाग आहेत.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांनी माझ्या धाकट्या जावेच्या लेकराला आपल्या खऱ्या बैलाच्या पाठीवर बसवलं होतं. लेकरू दोन वर्षं दोन महिन्यांचं. काकांनी त्याचा हात वशिंडावर ठेवला होता. सकाळी हा ओसरीत आला. मातीच्या बैलाकडं बोट करून "बैल" म्हणाला. मग त्याच्यावर टांग टाकली आणि बसायला लागला. मी अगदी जवळ होते, म्हणून खात्रीनं सांगते, तो खेळत नव्हता. चेहरा गंभीर होता, आणि एक हात काल वशिंडावर होता तसाच पुढं शोधत होता. बैल मोडला. त्याला नवल वाटलं, रडला नाही, आणि दुसऱ्या बैलाकडं निघाला. जाऊ हसून म्हणाली, "बसायलंय बघा." मी मात्र हसले नाही, कारण एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. बसण्याआधी तो चांगला वाकला होता. बैल केवढा आहे हे त्याच्या पायांना कळत होतं. मग त्याला कळत नव्हतं ते काय?

माझा मुलगा सहा वर्षांचा. इतके देखणे मातीचे बैल समोर असताना त्यानं अंगणातले दोन खडे घेतले, त्यांना दोरा गुंडाळला, मागं रिकामी काडेपेटी बांधली आणि वखर हाकायला लागला. हाकताना तोंडानं ट्रॅक्टरचा आवाज. आबा म्हणाले, "असं वरडतंय व्हय रं बैल?" पोरगं म्हणालं, "आबा, हा ट्रॅक्टरवाला बैल हाय."

माझा प्रश्न असा. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेनं लिहून ठेवलंय की दीड-दोन वर्षांच्या सुमाराला लेकराला एका वस्तूच्या जागी दुसरी धरता येऊ लागते. त्यात माझा मुलगा बसतो, पुतण्या काठावर बसतो, आबा कुठंच बसत नाहीत. मोठ्या माणसाला बैल आणि माती यांतला फरक कळतो, विषय संपला. दुसरीकडं चिन्हांचा अभ्यास, म्हणजे चार्ल्स पर्स या अमेरिकी तत्त्वज्ञाची ती तीन खोकी: सारखेपणानं कळणारं चिन्ह, खुणेसारखं जोडलेलं चिन्ह आणि रूढीनं ठरलेलं चिन्ह. त्यात मातीचा बैल पहिल्या खोक्यात पडतो आणि त्याच्यासमोर दोन वर्षांचं लेकरू आहे की सत्तरीतला शेतकरी, याची विचारणाच होत नाही. बैल एकच होता. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी मिळाल्या. या तिघांना एकाच पाटावर बसवून बघणारा अभ्यास कुठं आहे का? आणि आमच्या शाळेला लागून अंगणवाडी आहे, तिथं मला माझ्या आवाक्यात नीट काही बघता येईल का?

"लहान आहे, कळत नाही" आणि "म्हातारं माणूस, मन रमवतंय" ही दोन उत्तरं मला घरीच मिळालीत. ती मला पटत नाहीत.

गोदातीर, नांदेड

ताई, दोनदा वाचलं. असा अभ्यास आहे, आणि तुम्ही बरोबर त्याच्या दारात उभ्या आहात. कॉग्निटिव्ह सेमिऑटिक्स म्हणतात त्याला. मराठीत बोधनिक चिन्हमीमांसा म्हणता येईल. डेन्मार्कमध्ये आरहूसला पेर ओगे ब्रांट आणि स्वीडनमध्ये लुंडला योरान सोनेसन, यॉर्डन झ्लातेव या मंडळींनी तो उभा केला. या नावाचं नियतकालिक २००७ पासून निघतं. त्यांचं म्हणणं साधारण तुमच्यासारखंच आहे: चिन्हं तपासणारे लोक मनाकडं बघत नाहीत, मन तपासणारे लोक 'चिन्ह म्हणजे काय' हे गृहीत धरून पुढं जातात, आणि अर्थ नावाची गोष्ट दोघांच्या मधून निसटते.

आधी पुतण्याचं बघू. त्यानं जे केलं त्याची नोंद झालेली आहे. अमेरिकेत ज्यूडी डिलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ती छापली. १८ ते ३० महिन्यांची लेकरं बाहुलीच्या खुर्चीवर बसायला जातात, तळहाताएवढ्या गाडीत पाय घालायला बघतात, आणि ते मनापासून. त्यांनी याला मापाची चूक म्हटलंय. तुम्हाला जे चमत्कारिक वाटलं, वाकणं, तेच त्यांनाही महत्त्वाचं वाटलं. वस्तू बघताच 'बैल म्हणजे बसायचं' हा बेत उठतो, आणि बेत ठरताना माप विचारात येत नाही. पण बेत पार पाडताना हात-पाय मात्र त्या लहान मापाला धरून चालतात. बेत एका वाटेनं येतो, हालचालीचा ताबा दुसऱ्या वाटेनं, आणि त्या वयात दोन्ही वाटा दर वेळी जुळत नाहीत. तुमच्या पुतण्याला तर आदल्या संध्याकाळीच बेत शिकवला होता.

डिलोच यांचा याहून जुना प्रयोग १९८७ चा आहे आणि तो तुमच्या अंगणवाडीत होण्यासारखा आहे. एक खरी खोली, आणि तिचीच लहान प्रतिकृती. लेकराच्या डोळ्यांदेखत लहान खेळणं प्रतिकृतीत लपवायचं, एखाद्या बारक्या कोचामागं समजा. मग सांगायचं की मोठं खेळणं मोठ्या खोलीत तिथंच लपलंय, शोध. तीन वर्षांच्या जरा पुढची, सरासरी ३८ महिन्यांची लेकरं बहुतेक वेळा थेट जाऊन काढायची. सरासरी ३१ महिन्यांची बहुतेक वेळा चुकायची. सात महिन्यांचं अंतर! आणि धाकट्यांना विसर पडला म्हणावं तर प्रतिकृतीतलं लहान खेळणं त्यांना बरोबर सापडायचं.

यावर पुढं १९९७ मध्ये जे केलं ते मला फार आवडतं. लेकरांना पटवलं की एक यंत्र आहे, ते खोलीच लहान करतं. आता तीच अडीच वर्षांची लेकरं खेळणं शोधू लागली. कारण आता प्रतिकृती 'खोलीची खूण' राहिलीच नाही, तीच खोली झाली, आवळलेली. अडचण होती ती एकच वस्तू दोन म्हणून धरण्याची: ती स्वतः एक वस्तू, आणि शिवाय ती दुसऱ्या कशाची तरी. याला जोडून आणखी एक: तीन वर्षांच्या लेकरांना आधी प्रतिकृतीशी खेळू दिलं तर ती नंतर जास्त चुकली. वस्तू म्हणून ती जितकी हातात रुळली, तितकी खूण म्हणून दिसेनाशी झाली.

इथं सोनेसन यांची कसोटी उपयोगी पडते. एखादी गोष्ट चिन्ह आहे की नाही हे तिच्याकडं बघून सांगता येत नाही. ती वापरणाऱ्यालाच 'हे' आणि 'ते' अशी दोन वेगळी जाणवायला हवीत. या कसोटीनं तुमच्या पुतण्यासाठी तो मातीचा गोळा त्या क्षणी चिन्ह नव्हता, सारखेपणा कितीही असो. आणि तुमच्या मुलाचे खडे, ज्यांत बैलाचं काहीच नाही, ते पक्कं चिन्ह. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्कीनं म्हटलंय की कोणतीही काठी लेकराचा घोडा होऊ शकते, पण पोस्टकार्ड होऊ शकत नाही, कारण त्यावर टांग टाकता येत नाही. खडे ओढता येतात, म्हणून बैल.

पर्सवर मात्र तुम्ही थोडा अन्याय केलात. चिन्ह कुणाच्या तरी ठायी काही अर्थ उमटवतं, हा तिसरा कोपरा त्याच्या मांडणीत पहिल्यापासून आहे. खोकी केली ती नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी.

पद्धतीबद्दल सांगायचं तर लुंडचे लोक तीन बाजूंनी बघायला सांगतात. एक, स्वतःला काय जाणवतं ते प्रामाणिकपणे तपासणं. दोन, समोरच्याबरोबर राहून, बोलून, त्याच्या जागी स्वतःला ठेवून कळून घेणं. तीन, बाहेरून मोजणं, प्रयोग करणं. तुम्ही मेढीवरची हळद बघितलीत ती दुसऱ्या बाजूनं. मोजमाप करणाऱ्याच्या वहीत ती कधी आली नसती.

झ्लातेव यांनी २००९ मध्ये अर्थाच्या चार पायऱ्याही मांडल्यात. तळाशी जीव, मग जाणीव, मग चिन्ह, आणि वर भाषा. वरची पायरी खालचीवर उभी असते. माझ्या मते आबा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आहेत: माती ही माती आहे हे माहीत असून, रूढीनं ठरलेले शब्द बोलून केलेली कृती.

कंधारी जोडी

ताई, राम राम. मी कंधार तालुक्यातला. घरी अजून लाल कंधारीची जोडी आहे. अभ्यासाची भाषा माझी नाही, पण गोदातीर सरांच्या एका गोष्टीवर मला बोलायचंय.

सर, तुम्ही मातीचा बैल खूण आणि खरा बैल तो खरा, असं धरून चाललात. पोळ्याच्या दिवशी खरा बैलही नुसता बैल नसतो. शिंगाला बेगड, शेंब्या, पाठीवर झूल, कपाळाला गोंडे. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. मारुतीपुढं त्याचं लग्न लागतं, मंगलाष्टकं म्हणतात, अक्षता टाकतात. नवरी कुठं असते त्याची? सगळा गाव उभा असतो आणि कुणाला ते खोटं वाटत नाही. मग त्या दिवशी माझा बैलही कशाची तरी खूण झालाच ना. म्हणजे आबांनी मातीच्या बैलाला आवतण दिलं यात नवीन काही नाही. ते दरवर्षी खऱ्या बैलाला जे देत होते तेही असंच, दोन्हीकडं बघून दिलेलं. बैलाला थोडंच कळतं की उद्या पुरणपोळी आहे.

दुसरं असं की चिन्ह म्हणजे काय हे आम्हाला गोठ्यात रोज लागतं. सकाळी पहिलं बैलाचं मुसकट बघायचं. ओलं असलं तर जनावर चांगलं. कोरडं पडलं, रवंथ थांबलं, कान पडले की समजायचं ताप आहे. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, वडिलांनी हात धरून माझं बोट त्या नाकाला लावलं. आणि बैलही आम्हाला वाचतो. मी खुंटीवरचा कासरा काढला की आवाजानं दोन्ही उठून उभे राहतात. मला सांगा, त्यांच्यासाठी तो आवाज चिन्ह आहे का नाही?

गोदातीर, नांदेड

दादा, पोळ्याच्या बैलाबद्दल तुमचं मान्य, मी ते धरलंच नव्हतं.

कासऱ्याबद्दल: अर्थ नक्की आहे. याकोब फॉन उक्सक्युल नावाचा जीवशास्त्रज्ञ गोचिडाचं उदाहरण द्यायचा. गोचिडाच्या जगात जनावराच्या घामाचा वास, अंगाची ऊब आणि कातडीचा स्पर्श, एवढ्याच गोष्टींना अर्थ आहे, बाकी सारं जग त्याच्यापुरतं नाहीच. तसा तुमच्या बैलाच्या जगात कासऱ्याला अर्थ आहे. पण सोनेसन यांच्या कसोटीनं विचारायचं तर: बैलाला कासरा एक आणि शेत दुसरं, अशी दोन वेगळी जाणवतात, की कासरा वाजणं हीच शेताला जाण्याची सुरुवात असते? दुसरं असेल तर अर्थ आहे, चिन्ह नाही. तुम्ही कोरडं मुसकट बघता तेव्हा मात्र मुसकट वेगळं आणि ताप वेगळा, हे तुम्हाला ठाऊक असतं. आपल्याकडं न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या शास्त्रात, धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखतात, तीच जात.

संस्कृतवर्ग, परभणी

चर्चा उत्तम चालली आहे. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. आपल्या परंपरेत हाच प्रश्न नाटकाच्या निमित्तानं फार बारकाईनं विचारला गेला आहे, तेवढं नोंदवतो.

नट राम होतो, तेव्हा प्रेक्षकाला नक्की काय कळतं? नाट्यशास्त्राचा जुना टीकाकार श्रीशंकुक यानं उत्तर दिलं ते चित्रतुरगन्यायाचं, म्हणजे चित्रातल्या घोड्याचं. भिंतीवर रंगवलेला घोडा बघून आपण 'हा घोडा' म्हणतो. हे खरं ज्ञान आहे का? नाही, कारण तो घोडा नव्हे. खोटं, म्हणजे भ्रम? तेही नाही, कुणी त्याला दाणावैरण घालायला जात नाही. संशय? आपण 'घोडा की भिंत' असा विचार करत थांबत नाही. मग 'घोड्यासारखं काहीतरी' असं सादृश्याचं ज्ञान? तसंही नाही, आपण सरळ 'घोडा' म्हणतो. शंकुक म्हणतो, ही प्रतीती या चारही प्रकारांहून वेगळी आहे.

ताई, तुमच्या पुतण्याचं बसणं चारांपैकी दुसऱ्यात जाईल, भ्रमात. तुमच्या मुलाचा 'ट्रॅक्टरवाला बैल' आणि आबांचं आवतण ही दोन्ही शंकुकाच्या पाचव्या जागी. पण ती एकसारखी आहेत असं मला वाटत नाही.

आणि शंकुकाला विरोध झाला तोही सांगायला हवा. नाट्यशास्त्राचा नंतरचा टीकाकार अभिनवगुप्त यानं आपले गुरू भट्टतौत यांचं मत दिलं आहे, आणि त्यात उदाहरण नेमकं गाईचं येतं. शेंदूर वगैरे रंग गाईच्या अवयवांच्या रचनेसारखे मांडले की गाईसारखं काही भासतं, इतकंच. त्या रंगांनी गाय प्रकट होत नाही. म्हणजे दिव्यानं घडा दिसतो तशी शेंदरानं गाय दिसत नाही. मग प्रेक्षकाला जो भाव भिडतो तो नटाच्या सारखेपणातून येतो असं म्हणता येत नाही, त्याचं मूळ दुसरीकडं शोधावं लागतं. अभिनवगुप्त ते प्रेक्षकाच्या स्वतःच्या वासनांत, म्हणजे आयुष्यभर साठत आलेल्या संस्कारांत शोधतो.

त्या दृष्टीनं, आबांचं उत्तर मातीत सापडणार नाही. त्यांनाच विचारावं.

मांजराकाठ

तुम्हा सगळ्यांची फार ऋणी आहे. तीन आठवड्यांनी परत लिहितेय, कारण हात रिकामे घेऊन यायचं नव्हतं.

अंगणवाडीताईंना विचारलं, आयांना विचारलं, आणि बुटांच्या मोठ्या खोक्यात अंगणवाडीची खोली केली. खऱ्या खोलीत चार ठळक गोष्टी आहेत: लोखंडी कपाट, माठाचा तिपाया, सतरंजीची गुंडाळी आणि लेकरं तोलायचा काटा. चारही खोक्यात त्याच जागी केल्या. बोटाएवढा मातीचा बैल खोक्यात लपवायचा, वीतभराचा खोलीत. लहान बैल लेकराच्या देखत, मोठा अर्थात लेकरू खोलीबाहेर असताना.

पाच लेकरं बघितली. पाचावरून काही ठरत नाही हे मला माहीत आहे, पण जे बघितलं ते सांगते. चार वर्षांच्या दोन्ही पोरी सरळ जाऊन बैल घेऊन आल्या. तीन वर्षं एक महिन्याचा एक मुलगा आधी कपाटाकडं गेला, थांबला, परत फिरून तिपायाखाली वाकला. अडीचच्या आसपासची दोन. त्यातला मुलगा खोलीत गेला आणि काट्यावर उभा राहिला, कारण काटा त्याला आवडतो. बैलाचं त्याला काही नव्हतं. खोक्यातला लहान बैल मात्र त्यानं पहिल्या फटक्यात काढून दिला. म्हणजे विसरला नव्हता.

पाचवी मुलगी दोन वर्षं सात महिन्यांची. पहिल्यांदा चुकली. मग तिची आई, जी दारातून बघत होती, मला न विचारता खोक्याजवळ बसली. तिपायावर बोट ठेवून म्हणाली, "ही बघ आपली अंगणवाडी. हे माठाचं, ते बघ तिथलं." बोट खोक्यावरून उचललं आणि खोलीतल्या माठाकडं नेलं. मुलीची नजर बोटाच्या मागं गेली, पुन्हा खोक्याकडं आली, पुन्हा माठाकडं. असं तीनदा. मग मी बैल दुसरीकडं लपवला, सतरंजीमागं. तिनं तो काढला. आईनं सतरंजी दाखवलीच नव्हती.

प्रयोगाच्या नियमानं ती फेरी बाद धरायला हवी. मी वहीत बाद असंच लिहिलंय. पण माझ्या मनाला सगळ्यात जास्त त्याच फेरीनं धरून ठेवलंय. 'हे' आणि 'ते' ही दोन वेगळी आणि तरी जोडलेली आहेत, हे त्या मुलीला खोक्यानं सांगितलं नाही, आईच्या बोटानं सांगितलं. कंधारच्या दादांच्या वडिलांनी त्यांचं बोट ओल्या मुसकटाला लावलं, तेही तेच. माझा पुतण्या काकांच्या हातानं वशिंड धरायला शिकला, पण पुढचं, म्हणजे हा बैल त्या बैलाचा आहे, हे त्याला तोवर कुणी बोटानं दाखवलं नव्हतं. आता रोज दाखवतो आम्ही. परवा त्यानं बोटाएवढ्या बैलाला चिमूटभर पीठ दिलं, मग स्वतःच खाल्लं आणि माझ्याकडं बघून हसला. ते हसू बसायच्या दिवशी नव्हतं.

आबांना विचारायला मी आठ दिवस लावले. गुरुजी म्हणतात म्हणून विचारलं, नाहीतर धीर झाला नसता. संध्याकाळी चहा दिला आणि म्हटलं, आबा, खांदमळणीला मातीच्या बैलाशी बोलला तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं? आबा काही बोलले नाहीत. उठले, कोनाड्यातला उरलेला मोठा बैल घेऊन आले. त्याचं डावं शिंग उपसलं, भोकात थुंकी लावून माती मऊ केली, आणि शिंग परत खोवलं, जरा खाली झुकवून. "सर्जाचं असं होतं," म्हणाले. "वासरू असताना गव्हाणीत अडकलं होतं." मग डोळ्याच्या ज्वारीच्या दाण्याभोवती चुलीतल्या राखेनं काळं करायला बघितलं, ते पांढरटच उमटलं, तेव्हा कोळसा मागितला. तोंड सगळं काळं केलं. राजासाठी दुसरा बैल करून ठेव म्हणाले, त्याचा पुतण्यानं चुरा केला होता.

गोदातीर सर, म्हणून तुमच्या पायऱ्यांवर माझा एक आक्षेप आहे. माझ्या मुलाला कोणताही खडा चालतो. आबांना चालत नाही. तुमच्या हिशेबानं आबा वर, रूढीकडं, म्हणजे त्यांना सारखेपणाची गरज कमी पडायला हवी. घडलं उलटं. त्यांना शिंगाचा कोनसुद्धा बरोबर लागतो, कारण त्यांच्याकडं नुसता 'बैल' नाही, सर्जा आहे. आणि आवतणाचे शब्द रूढीचे, पण ते म्हणताना त्यांचं बोट ज्या खांद्यावर होतं त्या खांद्याला त्यांनी पंधरा वर्षं जू लावलं. तळाची जीवाची पायरी, वरची भाषेची पायरी, दोन्ही त्या एका बोटात होत्या. वरची पायरी खालचीवर उभी असते हे तुम्हीच लिहिलंत, मला वाटतं ते तुम्ही आबांबाबत पुरतं धरलं नाही.

पुढं असं करायचं ठरवलंय. दिवाळीच्या सुमाराला बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात, तेव्हा लेकरं कमी होतील, म्हणून त्याआधीच अंगणवाडीत दहा-बारा लेकरं बघायची. निम्म्यांना आधी आईच्या बोटानं एक जागा दाखवायची, निम्म्यांना नाही, आणि बैल लपवायचा तो न दाखवलेल्या जागी. तारीख आणि वय महिन्यांत लिहायचं. सर, 'आईचं बोट' सगळ्यांसाठी एकसारखं कसं ठेवायचं ते सांगाल का? प्रत्येक आई वेगळं बोलणार. शब्द ठरवून दिले तर ते पाठांतर होईल, आणि न ठरवले तर तुम्ही म्हणाल की तुलना होत नाही.

दादा, तुमच्या बैलांचा एक फोटो टाका, आबांना दाखवायचाय.

कंधारी जोडी

टाकला बघा, सकाळचाच आहे. डावीकडचा थोरला. आबांना म्हणावं, मुसकट ओलं आहे.